कोपऱ्यातला डबा

वाचनालयात त्यांना सगळे सर्व्हरबाई म्हणत. खरं नाव ठाऊक असलेली माणसंही वेळेला हीच हाक मारत, कारण मोठ्या दालनातली यंत्रं अडली की दुसरं काही सुचत नसे. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्यांना राग यायचा तो दोनच गोष्टींचा: कुणी यंत्रांना भंगार म्हटलं तर, आणि यजमानांनी ऐन कामात ‘चहा घेणार का’ म्हणून विचारलं तर. त्या आठवड्यात या दोन्ही गोष्टी रोज होत होत्या.

भंगार म्हणणारे होते वाचनालयाचे कार्यवाह. माणूस वाईट नव्हता. पण दालनाच्या त्या भिंतीशी काचेची कपाटं लावावीत आणि वाचनालयाला आजवर मिळालेली मानचिन्हं त्यात ओळीने मांडावीत, हे त्यांचं जुनं स्वप्न होतं, आणि नेमक्या त्याच भिंतीशी ही यंत्रं बसली होती. एका कचेरीने टाकून दिलेले संगणकाचे चपटे डबे ते. आत डिस्क नाही, म्हणजे स्वतःचं म्हणून डोकं नाही. बाईंनी ते उचलून आणले, पुसले, मागच्या खोलीत लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं मिळून एकच डोकं, बसवला आणि सगळ्यांना त्याच्या भरवशावर उभं केलं. नोकरीचे अर्ज भरणारी मुलं यायची, झबल्यांचे नवे नमुने शोधणारी शिंपीण यायची, नातवाशी बुद्धिबळ खेळणारे निवृत्त ड्रॉइंगमास्तर यायचे. ज्यांच्या घरी संगणक नव्हता त्यांचा तो घरचाच संगणक झाला होता.

डिस्क नसलेल्या यंत्राची सकाळ मोठी मजेची असते. बटण दाबलं की ते जागं होतं, पण त्याला काहीएक आठवत नाही. मग ते तारेवरून ओरडतं, ‘मी कोण? माझा पत्ता काय?’ मागच्या खोलीतून सर्व्हर उत्तर देतो, ‘तू अमुक, तुझा पत्ता तमुक, आणि ही घे तुझी कामाची शिदोरी.’ ती शिदोरी घेऊन यंत्र अर्धवट उठतं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतं, कारण पहिलं उत्तर तेवढ्यात विसरलेलं असतं. बाईंना याचं कधी नवल वाटलं नाही. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्या माणसाशी त्यांनी इतकी वर्षं संसार केला होता.

प्रत्येक यंत्राला त्यांनी स्वभावावरून नाव दिलेलं होतं. यंत्र नीट उठलं की सर्व्हरकडून ते नाव यायचं आणि पडद्यावर ठळक अक्षरांत झळकायचं. आळशी सगळ्यांत शेवटी उठायचा. भोळी कुणाचंही ऐकायची. तोंडाळाचा पंखा दिवसभर घरघरायचा, आणि रुसूबाई पहिल्या हाकेला ओ देईल तर शपथ.

आणि आता आठवडाभर या पोरांना काहीतरी झालं होतं. उठायची, अर्ध्या वाटेत यायची आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ दाखवून थिजायची: या नावाचा सर्व्हर सापडत नाही. एकदा भोळी अडायची, तर पुढच्या खेपेला भोळी टुणकन उठायची आणि आळशी अडायचा. कुठे काही ताळतंत्र नव्हतं. बाईंनी सर्व्हर बंद करून चालू केला, तारा बदलल्या, तारा जिथे एकत्र येतात तो स्विच फुंकर मारून स्वच्छ केला. शेवटी रुसूबाईची समजूतसुद्धा काढून पाहिली.

सगळ्यांत मोठा छळ वेगळाच होता. सकाळी लवकर येऊन एकटीने तपासलं की सगळी यंत्रं शहाण्यासारखी चालायची. दुपारच्या सुट्टीत दालन रिकामं असताना तपासलं, तरी चालायची. लोक आले, कार्यवाह आले, की अडायची. बाई कार्यवाहांना हाताला धरून आणायच्या, ‘आत्ता चालत होती हो, देवाशप्पथ!’ आणि कार्यवाह काळ्या पडद्याकडे बघून मान डोलवायचे. लग्नाच्या मुलीसारखी तुमची यंत्रं लाजतात का, असंही त्यांनी एकदा विचारलं. बाईंनी ते गिळलं, पण ते पचलं नाही.

कार्यवाहांनी मग स्पष्टच सांगितलं. ‘बाई, आज दुपारी समितीची बैठक आहे. मंडळी दालनात येतील. यंत्रं चालली तर ठीक. नाही चालली, तर मी कपाटांचा विषय मांडणार, आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही.’

‘आणि यंत्रं?’

‘भंगारवाला नेईल की.’

 रागाने बाईंचे कान लाल झाले.

आता यजमानांविषयी. ते जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लोक नाव सांगायचे, हे नंबर शोधून जोडून द्यायचे. निवृत्त झाल्यावर जोडायला काही उरलं नाही, म्हणून ते स्वतःच बायकोला जोडले गेले. सकाळची कामं आटोपून वाचनालयात यायचे आणि वर्तमानपत्रांच्या रॅकशेजारच्या कोपऱ्यात बसायचे. तिथून बाईंचं टेबल बरोबर समोर दिसतं, हा निव्वळ योगायोग असल्याचं ते सांगायचे. कोपऱ्यातली मंडळी त्यांना ऑपरेटरसाहेब म्हणत. जेवायच्या वेळी ते उठून घरी जायचे, पोळीभाजी गरम करून डबा घेऊन यायचे आणि पुन्हा कोपऱ्यात. बाई मैत्रिणींना सांगायच्या, ‘निवृत्त ते झाले आणि पहारा माझ्यावर बसला.’ सांगताना कपाळाला हात लावायच्या, पण आवाजात तक्रार शोधून सापडायची नाही.

त्या आठवड्यात ऑपरेटरसाहेबांना नवाच नाद लागला होता. बसल्या जागेवरून ते बायकोला फोनवर निरोप पाठवायचे. ‘काय डॉक्टर, पेशंट उठला का?’ बाईंनी दुर्लक्ष केलं की दुसरा यायचा, ‘नाडी तरी लागतेय का?’ मग तिसरा, ‘चहा?’ आणि मग त्या कोपऱ्यातून वर्तमानपत्राच्या वर दोन डोळे दिसायचे.

बैठकीच्या दिवशी सकाळी पहिलाच निरोप आला तसा बाईंनी टेबलावरून हात जोडले. ‘अहो, पाया पडते तुमच्या, आज गप्प बसा!’ सगळं दालन हसलं. ऑपरेटरसाहेबांनी वर्तमानपत्र वर घेतलं आणि गप्प बसले. चहाही विचारला नाही, त्यावरून त्यांनाही प्रसंगाचं गांभीर्य कळलं असावं.

दुपारची सुट्टी संपली तशी बाई रुसूबाईसमोर खुर्ची ओढून बसल्या. इतके दिवस त्या चूक सांगणारी शेवटची ओळ तेवढी वाचत होत्या. आज त्यांनी वरच्या ओळी वाचायला घेतल्या, अक्षर न् अक्षर बोट ठेवून. पहिल्यांदा विचारलं तेव्हा रुसूबाईला मिळालेला पत्ता बरोबर होता, सर्व्हरनेच दिलेला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मिळालेला पत्ता वेगळाच होता. बाईंच्या यंत्रांचे पत्ते दहाने सुरू व्हायचे. हा एकशे ब्याण्णवने सुरू होत होता. असले पत्ते इंटरनेटचे घरगुती डबे वाटतात, घरोघरी कोपऱ्यात दिवे मिचकावत बसलेले.

बाई चांगल्या सरळ बसल्या. म्हणजे सर्व्हर बरा होता, तारा बऱ्या होत्या, पोरंही बरीच होती. दालनात दुसराच कुणी पत्ते वाटत बसला होता. पहिल्या खेपेला पोरांना शिदोरीही हवी असते, ती सर्व्हरकडेच मिळते. दुसऱ्या खेपेला मात्र अर्धवट झोपेत विचारतात, जो आधी उत्तर देईल त्याचं खरं मानतात. सर्व्हरला शंभर कामं, तर हा रिकामटेकडा चटकन बोलून मोकळा. वर पत्त्याबरोबर सांगतो, नावं विचारायची असतील तर मलाच विचारा. मग पोरं त्याला विचारतात, आमचा सर्व्हर कुठे राहतो? आणि याला सर्व्हर कोण हेच ठाऊक नाही!

‘सापडला!’ त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की शिंपीण दचकली.

‘कोण?’ कार्यवाह दारातच उभे होते. मंडळी यायला लागली होती.

‘कुणीतरी भिंतीच्या सॉकेटला स्वतःचा डबा जोडलाय. आत्ता शोधून काढते. आणि जो कुणी असेल ना, त्याला दारावरचा नियम लावल्याशिवाय राहणार नाही.’

दारावरचा नियम बाईंचाच होता. मागे एकाने सॉकेटला भलतंच काही जोडून सगळी यंत्रं झोपवली होती, तेव्हा त्यांनी समितीशी भांडून तो मंजूर करून घेतला होता: भिंतीच्या सॉकेटला बाहेरची वस्तू जोडणाऱ्यास या दालनात वर्षभर प्रवेश नाही. पाटी मात्र ऑपरेटरसाहेबांनी लिहिली होती. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं.

कुठली तार कुठल्या सॉकेटची, हे सांगणारे आकडे रंगाऱ्याने भिंतीबरोबर रंगवून टाकले होते. त्यामुळे एकच उपाय उरला. बाई मागच्या खोलीत स्विचपाशी उभ्या राहिल्या आणि रुसूबाई सुरू करताच जिचा दिवा लुकलुकला ती तार सोडून एकेक तार उपसायला लागल्या. प्रत्येक तारेनंतर ड्रॉइंगमास्तर रुसूबाईचं बटण दाबायचे आणि बातमी द्यायचे.

‘अडली!’

दुसरी तार.

‘अडली हो!’

बाहेर समितीची मंडळी खुर्च्यांवर टेकली होती आणि अध्यक्षबाई पर्समधून पंखा काढून वारा घेत होत्या. कार्यवाहांनी भिंतीची लांबी नजरेने मोजायला घेतली. बाईंच्या कपाळावर घाम आला. रिकामी करायची खोली बघावी तसं कार्यवाह आपल्या यंत्रांकडे बघतायत, हे त्यांना दाराच्या फटीतून दिसत होतं. शेजारशेजारच्या दोन तारा राहिल्या होत्या. पहिली उपसली.

‘अडली!’

दुसरी उपसली. ड्रॉइंगमास्तरांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला, ओळी धावल्या, थांबल्या, पुन्हा धावल्या. आणि पडद्यावर ठळक अक्षरांत उमटलं: रुसूबाई.

‘उठली!’ मास्तर ओरडले. ‘पहिल्या हाकेला उठली!’

मग काय विचारता. त्या दोन सोडून बाकीच्या तारा बाईंनी परत जोडल्या तशी भोळी उठली, तोंडाळ घरघरत उठला, आळशीसुद्धा उठला. शिंपिणीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘चालतायत की चांगली! मग कपाटं कशाला हवीत इथे?’ कार्यवाहांनी घसा साफ केला. त्यांच्या बाजूने बोलायला घशाशिवाय कुणी उरलं नव्हतं. बाई मागच्या खोलीतून बाहेर आल्या, केस विस्कटलेले, दोन्ही हातांना धूळ, आणि चेहरा असा की त्यांना जवळ घ्यावं.

तेवढ्यात कोपऱ्यातून ऑपरेटरसाहेब फोन झटकत झटकत आले.

‘अगं, तुझी यंत्रं झाली ना बरी? मग आता आमचं बघ. आमचं नेट गेलं.’

दालनातल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्या कशासाठी, हे साहेबांच्या लक्षात आलं नाही.

‘कसलं नेट?’ कार्यवाहांनी विचारलं.

‘आमचं, कोपऱ्यातलं. त्या कोपऱ्यात फोनला रेंज म्हणून येत नाही. हिला वाचनालयाचा पासवर्ड मागितला तर ही कसली देते! म्हणून घरचा जुना डबा माळ्यावरून काढला आणि रॅकमागे लावला. भिंतीत दोन सॉकेट रिकामी होती, तर दोन्ही जोडली. एकाला जोडून दुसरं उपाशी कशाला ठेवा? आणि कार्यवाह, विजेची काळजी करू नका. जेवायला जाताना, संध्याकाळी घरी जाताना आठवणीने बटण बंद करतो. एकदासुद्धा विसरलेलो नाही.’

बाईंना एकेक गोष्ट जागच्या जागी बसताना दिसली. दुपारच्या सुट्टीत शहाणी होणारी यंत्रं. रेंज नसलेल्या कोपऱ्यातून येणारे निरोप. ‘पेशंट उठला का’ असं हा माणूस रोज विचारत होता, आणि पेशंटच्या उशाशी हाच बसला होता. त्यांना हसूही येत होतं आणि डोकंही फिरलं होतं.

‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘तो डबा तुमचा?’

‘आपला गं. तो नाही का, माळ्यावरचा.’

मग साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या होत्या, तशी त्यांचीही वळली. स्वतःच्याच मोत्यासारख्या अक्षरातली पाटी त्यांनी शेवटपर्यंत वाचली.

‘बाहेरची वस्तू,’ ते हळूच म्हणाले. ‘हा तर घरचा होता.’

अध्यक्षबाईंना हसू आवरेना. ‘जाऊ द्या हो, घरातलाच माणूस आहे,’ त्या म्हणाल्या.  कार्यवाह मात्र बाईंकडे बघत राहिले, आणि बाईंना त्या बघण्याचा अर्थ लख्ख कळला. आज घरच्या माणसाला सोडलं, तर उद्या हे दालन बाईंच्या घरचं ठरेल, आणि पुढच्या बैठकीत कपाटं पुन्हा येतील.

‘नियम माझा आहे,’ बाई म्हणाल्या. ‘वर्षभर.’

ऑपरेटरसाहेबांनी वाद घातला नाही. वर्तमानपत्राची घडी मोडली होती ती नीट घातली, रॅकवर ठेवलं, रॅकमागून डबा काढून बाईंच्या टेबलावर आणून ठेवला. ‘संध्याकाळी येताना दमून येशील, मी भात लावून ठेवतो,’ असं म्हणाले आणि गेले.  यंत्रं वाचली होती, पण बाईंना मनासारखा आनंद होईना.

पुढचे दिवस दालन नुसतं पळत होतं. आळशीसुद्धा वेळेवर उठायचा. बाईंना छळायला कुणी नव्हतं. निरोप यायचे, पण कसले? ‘दूध आणलं.’ ‘नळाचा वायसर बदलला.’ ‘वीजबिल भरलं.’ सरकारी खात्यातून आल्यासारखे. बाई मान वर करायच्या तर कोपऱ्यातल्या खुर्चीत भलताच कुणी वाचत बसलेला असायचा, आणि त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना त्यांना त्याचा राग यायचा. इतकी वर्षं हा माणूस घरी यायची वाट पाहिली, आता रोज समोर बसला होता तर ‘गप्प बसा’ म्हणून हात जोडले, हे आठवून एकदा त्या मागच्या खोलीत जाऊन डोळे पुसून आल्या. त्यांना करमत नव्हतं, आणि हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं.

मग एका सकाळी त्यांनी कपाटातून उरलेलं एक यंत्र काढलं, पुसलं आणि स्विचपासून एक लांब तार दालनाच्या दाराबाहेर, व्हरांड्यात ओढायला घेतली. कार्यवाह आडवे आले.

‘हे काय, बाई?’

‘व्हरांड्यात एक यंत्र. वाचनालयाचं, वाचनालयाच्या तारेवर. बाहेरचं काहीही नाही.’

कार्यवाहांनी पाटी वाचली, मग बाईंच्या हातातल्या तारेकडे पाहिलं, मग पुन्हा पाटी वाचली. नियमाचा माणूस नियमानेच विरघळतो. ‘पाटीत दालन म्हटलंय,’ ते गंभीरपणे म्हणाले. ‘व्हरांडा म्हणजे काही दालन नव्हे.’ आणि कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने ते स्वतः एक खुर्ची उचलून बाहेर ठेवून गेले. बाईंचं टेबल त्या खुर्चीवरून खिडकीतून बरोबर समोर दिसत होतं.

बाईंनी सर्व्हरवर नव्या यंत्राला नाव दिलं आणि यजमानांना निरोप धाडला, ‘काम आहे. या. दालनात पाऊल ठेवू नका.’

ते आले. व्हरांड्यातलं यंत्र बघितलं आणि खुर्ची खिडकीसमोर नीट सरकवून बसले. खिडकीच्या आतून बाईंनी खूण केली, बटण दाबा. त्यांनी दाबलं आणि चष्मा चाचपायला लागले. तो कपाळावर होता. पडदा काळा झाला, ओळी धावल्या, यंत्राने आपली नेहमीची चौकशी केली, मी कोण, आणि मागच्या खोलीतून त्याला उत्तर मिळालं. पडद्यावर ठळक अक्षरांत नाव आलं: अहो.

बाई मान खाली घालून उगाच कळफलक पुसत बसल्या. खिडकीकडे बघायचा त्यांना धीर होईना. टेबलावरचा फोन थरथरला.

‘काय गं?’